ग्रेगरी सरांची रांग

ग्रेगरी सरांशी बोलायचं तर आधी खुर्चीवर बसावं लागे. उभ्या माणसाचं बोलणं आपल्याला ऐकूच येत नाही, अशी त्यांनी स्वतःची सोयीस्कर समजूत करून घेतली होती. कुणी टेबलाशी उभं राहून घाईघाईने सुरुवात केली, की ते चष्मा काढून पुसायला घेत आणि समोरचा बसेपर्यंत पुसत राहत. त्यांच्या टेबलाशेजारी त्यासाठी एक जास्तीची खुर्ची कायम असे. परळच्या त्या काचेच्या इमारतीत प्रत्येक खुर्चीवर नंबर चिकटवलेला होता, या खुर्चीवर तेवढा नव्हता. ती कुठून आली हे फक्त त्यांना ठाऊक होतं आणि ते सांगत नसत.

आमची कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करते. रक्त तपासायला दिलं की दुसऱ्या दिवशी छापील रिपोर्ट हातात येतो, त्यामागचं सगळं. असं सॉफ्टवेअर पन्नास टेबलांवर बसून पन्नास जण तुकड्यातुकड्याने लिहितात. ते तुकडे योग्य क्रमाने जोडल्याशिवाय त्यातून काही चालतं होत नाही. डाळ शिजल्याशिवाय पुरण नाही आणि पुरणाशिवाय पोळी नाही, इतकं ते साधं आहे. फक्त इथे पदार्थ हजारभर असतात. ही जोडणी आपोआप करणारा एक प्रोग्रॅम ग्रेगरी सरांनी कंपनी लहान असतानाच लिहून ठेवला होता. त्याचं नाव ‘रांग’. कोण आधी, कोण नंतर, कोणासाठी कोणी थांबायचं, हे एका यादीत लिहायचं आणि रांग ते बिनतक्रार पार पाडायची.

या यादीत लिहायला सरांनी फक्त अकरा शब्द दिले होते. ‘हे आधी’, ‘हे बदललं असेल तरच’, ‘याची प्रत तिथे ठेव’, असे. बारावा हवा असेल तर त्यांच्याकडे जायचं. मेल पाठवलेली चालत नसे. स्वतः जायचं, बसायचं आणि काय हवंय ते तोंडाने सांगायचं, तेसुद्धा कॉम्प्युटरचा एकही शब्द न वापरता. ‘आईला सांगतेस तसं सांग,’ असं ते म्हणत. माझ्या आईला मी ऑफिसातलं काहीच सांगत नसे, हे त्यांना कसं सांगणार?

मी नोकरीला लागून महिना झाला होता तेव्हा पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. नाशिकच्या एका लॅबला रिपोर्टवर स्वतःचा लोगो हवा होता, बाकीच्यांना आमचा. यादीत ‘जर नाशिक असेल तर’ असं लिहिता आलं असतं तर माझं काम दोन मिनिटांत झालं असतं, पण ‘जर’ हा शब्द सरांच्या अकरांत नव्हता. मी तावातावाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. उद्या नागपूरने मागितला तर काय करशील, असं विचारलं. मग लोगो कुणाचा असतो, रिपोर्टचा की लॅबचा, असं विचारलं. मग बराच वेळ काहीच विचारलं नाही. त्या शांततेत मला आपोआप सुचलं, की प्रत्येक लॅबचा एक वेगळा कप्पा केला आणि लोगो त्यात ठेवला, तर ‘जर’ लागतच नाही. मागितलेली गोष्ट न मिळताच मी उठले. चिडलेही होते आणि हलकंही वाटत होतं. मागून ते म्हणाले, “बघ बाय, तुलाच येत होतं.”

बाय म्हणजे मुलगी. सर गिरगावातल्या एका वाडीत राहत. घराणं ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांपैकी, मुंबई बेटांची होती तेव्हापासूनचं. घरात मराठीच बोलली जाई, पण तिचा हेल वेगळा. ऑफिसात ते तुमच्याआमच्यासारखं बोलत. फक्त खूश झाले की ‘बाय’ आणि ‘गो’ बाहेर पडत. आई गेल्यावर त्या घरात ते एकटेच होते. भाऊ वसईला, बहीण मस्कतला. लग्न का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका आगाऊ माणसाने विचारलंच, तर सर म्हणाले, “मुलीला बसायला खुर्ची दिली, तिने विचार केला आणि तिलाच उत्तर सुचलं.” सगळे हसले, तेही हसले. मला मात्र त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना.

त्यांची अजून एक सवय होती. कुणाची यादी तपासायची झाली की ते ती मोठ्याने वाचत. म्हणजे अगदी मोठ्याने नव्हे, चर्चमध्ये उत्तरं पुटपुटतात तसं. ‘हे आधी, ते नंतर, हे बदललं असेल तरच.’ वाचताना अडखळले की चूक तिथेच, हे ठरलेलं. यादी कानाला कळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाच वर्षांनी ती कुणीतरी अनोळखी माणूस वाचणार, त्याला आपण भेटणार नाही, तेव्हा जे सांगायचं ते यादीतच नीट सांगून ठेवा, हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मी घरी वाण्याची यादी लिहितानाही जपून लिहायला लागले.

दिवसभरात पाच-सहा जण तरी त्या खुर्चीवर येऊन जात. कामाचं बोलून झालं की सर सहज विचारत, मुलाला कुठल्या शाळेत घातलं, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का. त्यांच्याइतकी ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरची माहिती कुणाला नव्हती. आम्हाला वाटे, सर फार चौकस आहेत. दिवसातलं त्यांचं बहुतेक बोलणं त्या खुर्चीशीच होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मग कंपनी वाढली. पन्नासाचे दीडशे झाले. पुण्यालाही एक ऑफिस निघालं. सरांच्या टेबलाशी आता खरोखरच रांग लागू लागली. नंबर यायला दोन-दोन दिवस जाऊ लागले. तोवर मी एका टीमची लीड झाले होते, आणि आपलं काम एका म्हाताऱ्या माणसाच्या चष्मा पुसण्यापायी अडून राहतं याचा मला संताप येऊ लागला होता. मी दोन पानांचं टिपण लिहिलं. आणखी शब्द नकोत, रांगेत एक अख्खी भाषाच घाला. जगभर लोक लहानमोठी कामं करायला वापरतात तसली, जिच्यात ‘जर’ आहे, ‘पुन्हा पुन्हा कर’ आहे, हवं ते करता येतं. मग ज्याला जे हवं ते तो आपल्या यादीतच लिहील. कुणाला कुणाकडे जावं लागणार नाही. या शेवटच्या वाक्याखाली मी रेघही मारली होती.

आमचे मॅनेजर देशमुख यांनी मीटिंग बोलावली. सर आले आणि कोपऱ्यात बसले. सगळ्यांचं बोलून झाल्यावर देशमुखांनी त्यांना विचारलं. सर जे बोलले ते मला आजही पाठ आहे.

“आज मी यादी वाचली की मला समजतं काय होणार आहे. भाषा घातली की वाचून समजणार नाही, चालवून बघावं लागेल. एवढाच फरक आहे. तुम्हाला चालत असेल तर घालू.”

सगळ्यांना चालत होतं. देशमुखांनी हे काम कोण करील असं विचारलं. सर म्हणाले, मीच करीन, दुसरा कुणी घाण करून ठेवील. यावर हशा झाला आणि मीटिंग संपली. मी जिंकले होते. जिना उतरताना मी फक्त शीळ घालायची बाकी ठेवली होती.

चार महिने ते त्यात बुडाले होते. भाषा घातली तीही अशी, की जुन्या याद्या जशाच्या तशा चालाव्यात, एकालाही काही बदलावं लागू नये. त्यांची इच्छा होती की या भाषेला घड्याळ बघता येऊ नये. घड्याळ बघून काम करणारी यादी सकाळी एक बोलेल आणि संध्याकाळी दुसरं, असं ते म्हणाले. मी हट्ट धरला की आम्हाला रिपोर्टवर तारीख टाकावी लागते. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि घड्याळ ठेवलं.

शेवटचा महिना त्यांनी एक पुस्तिका लिहिण्यात घालवला. नवी भाषा रांगेत कशी वापरायची, कुठे चुकण्याचा संभव आहे, अडलं तर काय बघायचं, सगळं सोप्या शब्दांत. मला वाचायला दिली तेव्हा मी एका बैठकीत संपवली. कुठे एक शंका राहत नव्हती. मी गमतीने म्हटलं, “सर, एखादी गोष्ट मुद्दाम गाळा की. नाहीतर तुमच्याकडे कोण येणार?”

ते हसले नाहीत. “मला सोबत हवी म्हणून कुणाचं काम अडवू गो?” असं म्हणून त्यांनी पुस्तिका माझ्या हातातून परत घेतली. सोबत हा शब्द त्यांनी अगदी साधेपणाने उच्चारला. मी विषय बदलला. मला त्या शब्दाची भीती वाटली, हे खरं कारण.

भाषा आली आणि पंधरा दिवसांत त्यांच्या टेबलाकडे जायचं सगळ्यांनी सोडलं. मुद्दाम कुणी टाळलं नाही, कारणच उरलं नाही. आम्ही खूश होतो, कामं भराभर होत होती. त्या खुर्चीवर आधी कुरियरची खोकी आली, मग कुणाचं तरी हेल्मेट. सर ती खोकी रोज सकाळी उचलून खाली ठेवत. दुपारपर्यंत परत कुणीतरी वर ठेवी. पूर्वी एका जागी ठाण मांडून बसणारा हा माणूस आता पाण्याची बाटली भरायला दिवसातून आठ वेळा उठायचा. आमच्या ओळीतून सावकाश चालत जाई. कानात हेडफोन घातलेली सगळी डोकी खाली. एखाद्याच्या मागे क्षणभर थांबे, पडद्यावरची यादी बघे आणि पुढे जाई. मीही त्यांना येताना बघितलं की जास्तच कामात असल्यासारखी दिसत असे. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं ते.

मग माझीच यादी बिघडली. पुण्याची टीम आपले तुकडे रोज दोन वाजेपर्यंत पाठवून द्यायची. ते कधी चुकलं नव्हतं. म्हणून मी यादीत लिहून ठेवलं होतं, की दोन वाजण्याआधी शेवटचे आलेले जुने तुकडे घे, दोननंतर आजचे. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं. महिनाभर सुरळीत चाललं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पुण्याचं ऑफिस बंद होतं, मिरवणूक संपलेली नसते ना तिथे. आमचं चालू होतं. त्या दिवशी दुपारनंतर रांगेने आजचे म्हणून रिकामे तुकडे उचलले. तपासणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं, की रिपोर्टवर साखरेचा आकडा आहे पण साखर किती असावी हा रकानाच गायब आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सगळं ठीक. दुपारी पुण्याच्या सर्व्हरचं काही दुरुस्तीचं काम निघालं आणि परत बिघडलं. तिघांनी मिळून दोन दिवस शोधलं. यादी साडेतीनशे ओळींची झाली होती आणि ती कुणालाच, मलाही, वाचून कळत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी छापील कागद घेऊन सरांकडे गेले. खोकी खाली ठेवली आणि बसले. त्यांनी चष्मा पुसला नाही. कागद घेतले आणि पुटपुटत वाचायला लागले. मध्ये दोनदा थांबून मला विचारलं, हे का केलंस, पुण्याची माणसं किती वाजता जेवतात. पाऊण तासाने एका ओळीवर अडखळले. तीच ओळ पुन्हा वाचली. पेन्सिलने तिथे एक लहानसं घड्याळ काढलं आणि कागद माझ्याकडे वळवला.

मी ओशाळले. आता ऐकून घ्यायची तयारी केली, कारण घड्याळाचा हट्ट माझाच होता. सर रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मी चूक केली आहे की बक्षीस मिळवलं आहे ते कळेना. त्यांनी चहा मागवला. आईच्या गुडघ्यांचं विचारलं. मस्कतच्या बहिणीने पाठवलेले खजूर काढले. तासभर मी तिथे बसले होते. एवढं मोकळं बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मी उठले तेव्हा म्हणाले, “परत बिघडलं की ये.” लगेच त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं. “बिघडू नये. चांगलं चालू दे. पण ये.”

मी हो म्हटलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजलं की माझ्या त्या दोन पानांनी काय केलं होतं. आम्हाला अकरा शब्दांची अडचण होती, आणि त्या अडचणीवर या माणसाचा दिवस उभा होता. त्यांना हे त्या मीटिंगपासून माहीत होतं. तरी त्यांनी भाषा घातली आणि इतकी चोख घातली, की त्यांची स्वतःचीच गरज संपली. मला त्यांच्या आनंदाचं जेवढं वाईट वाटलं, तेवढं त्यांच्या दुःखाचंही कधी वाटलं नव्हतं.

एवढं समजूनही मी गेले का? दोनदा गेले असेन. तिसऱ्यांदा जायला कारण सापडेना. नुसतं जाऊन बसायची आम्हा लोकांना सवय नसते. काही काम काढून जावं लागतं.

पुढच्या वर्षी ते रिटायर झाले. केक कापला, देशमुख बोलले. सरांनी भाषण केलं नाही. पुस्तिकेत कुणाला काही अडतंय का, एवढंच विचारलं. कुणालाच काही अडत नव्हतं. लिफ्टपर्यंत मी त्यांची एक पिशवी धरली होती. मी म्हटलं, सर, काही अडलं की घरीच येईन गिरगावात. ते म्हणाले, हो, प्रश्न घेऊन ये.

मी खरंच प्रश्न शोधला. एकदा अर्धा दिवस ती पुस्तिका घेऊन बसले, कुठेतरी एखादी त्रुटी सापडेल म्हणून. तेव्हा लक्षात आलं, की तिच्यातलं प्रत्येक उदाहरण कुणाच्या तरी नावाने आहे. ‘समजा मृणालला नाशिकसाठी वेगळा लोगो हवा आहे.’ ‘समजा फारूखला एकच काम सात वेळा करायचं आहे.’ त्या खुर्चीवर येऊन बसलेला प्रत्येक जण तिथे होता, सोडून गेलेलेसुद्धा. आणि आम्ही सगळे आपापला प्रश्न विचारत होतो, ज्याचं उत्तर खालीच दिलेलं होतं. मला विचारायला काही उरलेलंच नव्हतं.

गेल्या मे महिन्यात आईची एक पैठणी रफूला द्यायला मी गिरगावात गेले होते. सरांची वाडी तिथून पाच मिनिटांवर. जावं का, असा विचार आला. पण जाऊन काय विचारणार? शिवाय तीन वाजता मीटिंग होती. मी परळची बस पकडली आणि खिडकीशी बसले. दोन स्टॉप पुढे बस थांबली तर खाली सर उभे होते. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पूर्वीपेक्षा बरेच वाळलेले. त्यांच्या हातात पिशवी नव्हती, कुठे जायच्या तयारीतही दिसत नव्हते. एका साठीच्या बाईंना ते काहीतरी समजावून सांगत होते. बोटांवर मोजून, आधी हे, मग ते, मग उतरून उजवीकडे. बाई मान हलवत होत्या. स्टॉपवरची बाकीची माणसं मोबाइलवर बस कुठवर आली ते बघत होती. मी काच सरकवली, हाक मारायला तोंडही उघडलं. हाक मारली असती तर उतरावं लागलं असतं.

त्या बाई आमच्याच बसमध्ये चढल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. बस सुटली. सर तिथेच होते, आपण सांगितलेल्या बसमध्ये त्या नीट बसल्या ना, ते बघत. मी त्यांच्या नजरेस पडले नाही.

मी बाईंना विचारलं, काय सांगत होते ते?

“परळला कसं जायचं ते,” त्या पदराने वारा घेत म्हणाल्या. “मी काय, तीस वर्षं जाते परळला. मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. पण इतकं मनापासून सांगत होते बिचारे, म्हटलं ऐकून घेऊ.”